शेजारघरची वाटी

जपानातल्या कंपनीला शुद्ध सरकारी मराठीत अर्ज करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. सिद्धार्थ खंडारे. अमरावतीत आमच्या टपाल कार्यालयात माझ्या शेजारच्या खिडकीवर बसायचे. अर्जाचा विषय ठरलेला : ‘आपला खेळ आमच्या यंत्रावर आणणेबाबत.’ त्याखाली संदर्भ : ‘माझे यापूर्वीचे पत्र, अनुत्तरित.’ मग ‘महोदय, उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की...’ आणि त्याखाली याच मजकुराचं खंडारेभाऊंनी स्वतः केलेलं इंग्रजी. मराठी वर, इंग्रजी खाली. कागद स्वतःचा, तिकीट स्वतःचं, पत्ता अकोल्याच्या घरचा.

“ई-मेल करा ना, भाऊ,” मी एकदा म्हटलं.

“ई-मेल कोनी पायत नाही, वानखडे. रजिस्टर गेलं का सही करा लागते.”

आणि सह्या यायच्या. उत्तर कधीच नाही, पण पोचपावती परत यायची. एका पावतीवर तर सहीच्या जागी नुसता लाल, गोल शिक्का होता. ती पावती भाऊंनी अख्ख्या ऑफिसात फिरवली. “पाहा, शिक्का कसा मारला! शाई कोठी फिसकटली नाही. असे लोक अर्ज वाचल्याशिवाय राहते का?”

यंत्र म्हणजे गेम खेळायचं यंत्र. मधे पडदा, दोन्ही बाजूंना बटणांच्या दांड्या. प्रवासात हातात धरून खेळायचं, घरी गेल्यावर टीव्हीजवळच्या खोबणीत बसवायचं, की तोच खेळ जिथे सोडला तिथून टीव्हीवर सुरू. असलं यंत्र कॉलेजच्या पोरांकडे असतं. खंडारेभाऊ सत्तावन्न वर्षांचे, मिशी पांढरी, आणि यंत्र ठेवायला शिवून घेतलेली खाकी पिशवी गळ्यात. मी मूर्तिजापूरचा. सकाळची गाडी अकोल्याहून येई, तेव्हा भाऊंनी माझ्यासाठी रुमाल टाकून ठेवलेला असे, आणि स्वतः ते कुठल्यातरी राक्षसाच्या हातून मरत असत. त्यांचा अंगठा फार मंद होता. एकाच राक्षसाच्या हातून ते बडनेऱ्यापर्यंत चौदा-पंधरा वेळा मरत. चिडत मात्र नसत. “हा ऐकून नाही राहिला,” एवढंच म्हणत.

यंत्र बनवणाऱ्या कंपनीचे स्वतःचे खेळ नावाजलेले होते म्हणे. भाऊ त्यांना हात लावत नसत. दुसऱ्या कंपन्यांनी बनवलेले खेळ या यंत्रावर येतात का, त्यांचा जीव सगळा तिथे. याला त्यांनी स्वतःची भाषा केली होती.

“घरचं जेवन तर घरी शिजतेच, वानखडे. शेजारघरून वाटी येते का नाही, ते पाहाचं.”

बाहेरच्या कंपनीने खेळ जाहीर केला की गाडीत शिरता शिरता मला ऐकू येई, “वाटी आली!” इतरांकडे येऊन दोन वर्षं झालेला खेळ आला, तर “आली, पन शिळी.” यंत्राची ताकद कमी पडून चित्रं धुरकट झाली असतील, तर “पातळ आली.” खेळ सगळ्या यंत्रांवर आला आणि यांच्यावर आला नाही, की भाऊ दिवसभर गप्प. मग डबा उघडताना म्हणत, “आपल्या दारावरून पुढं नेली.” आणि एकदा एका कंपनीने खेळ दिला, पण तो यंत्रात उतरतच नव्हता, तिकडे त्यांच्याकडे चालायचा आणि इकडे इंटरनेटवरून नुसता दिसायचा. त्यावर भाऊ जेवढे संतापले तेवढे संतापलेले मी त्यांना कधी पाहिलं नाही. “वाटी दाखवली आन् वापस नेली! असं कोनी करते का बाप्पा?”

आम्ही हसायचो. मी सगळ्यांत जास्त. त्यांच्या वाढदिवसाला आम्ही वर्गणी काढून त्यांना खुळखुळा भेट दिला होता. कल्पना माझीच. भाऊंनी तो हातात घेतला, एकदा वाजवून पाहिला आणि शिक्क्यांच्या स्टँडला टांगला. “आवाज चांगला आहे,” म्हणाले. पुढे कितीतरी दिवस तो तिथे लटकत होता, आणि मला तो दिसला की आपल्याच विनोदाचं कौतुक वाटे.

त्यांची आणखी एक सवय मला कळत नव्हती. खेळ संपला, की सिनेमासारखी नावं सुरू होतात. कोणी चित्रं काढली, कोणी आवाज दिला. जगात ती नावं कोणी वाचत नाही. भाऊ वाचायचे. पडदा नाकाशी धरून, ओठ हलवत. एकदा तर आमचं उतरायचं बडनेरा आलं, मी उठलो, तरी हे बसलेलेच. ओढून उतरवलं तर पडद्यावरची नजर न काढता प्लॅटफॉर्मवर उभे. नावं संपली तसं त्यांनी यंत्र पिशवीत घातलं. “नाही,” म्हणाले. काय नाही, ते मी विचारलं नाही.

घरी एकटेच होते. वहिनी तीन वर्षांपूर्वी गेल्या, मुलगा पुण्याकडे कुठे तरी नोकरीला, एवढं ऑफिसला माहीत होतं. मुलाचा विषय ते काढत नसत, आम्हीही काढला नाही.

गेल्या उन्हाळ्यात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. एका डोळ्याचं झालं, दुसऱ्याचं बाकी होतं. आठवडाभराने त्यांचा फोन आला. “वानखडे, रविवारी अकोल्याले येशीन का? वाचाचं काम आहे थोडं.”

मला वाटलं, दवाखान्याचे कागद असतील. दुपारी पोचलो तर भाऊ काळा चष्मा लावून टीव्हीसमोर बसलेले, यंत्र खोबणीत, हातात बटणं. तो खेळ ते चार महिने खेळत होते. शेवटचा राक्षस आदल्या दिवशी हरला होता. तेवढ्यावरच त्यांनी खेळ थांबवून ठेवला होता.

“आता नावं येईन. हातात धरलं का मुंगीएवढी दिसते. टीव्हीवर मोठी दिसते, पन पळते लेकाची, आन् माह्या डोळ्याले अजून पानी येते. तू वाच. मोठ्यानं वाच. भारतातलं नाव आलं का थांबव, हे बटन दाबून.”

“भाऊ, याच्यासाठी मूर्तिजापूरहून बोलावलं मले?”

“हो,” ते म्हणाले.

मी हसलो. मग विचारलं, “कोनाचं नाव पायजे तुमाले?”

भाऊंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आणि टीव्हीकडे तोंड करूनच सांगितलं.

मुलगा संकेत. बारावीत होता तेव्हा दिवसभर कॉम्प्युटरवर गेम. सहामाहीला दोन विषय गेले. भाऊ संध्याकाळी ऑफिसातून आले, तेव्हा गल्लीत भंगारवाल्याची गाडी उभी होती. त्यांनी आत जाऊन वायरी उपटल्या, कॉम्प्युटर दोन्ही हातांत उचलला आणि नेऊन त्या गाडीवर ठेवला. “पोरगा दारात उभा व्हता. रडला नाही, भांडला नाही. मले वाटलं, समजलं त्याले.” संकेत पास झाला, पुण्याला शिकायला गेला आणि बापाशी बोलायचा थांबला. फोन आईला येई. आई गेली तेव्हा आला, सगळं रीतीप्रमाणे केलं आणि तिसऱ्या दिवशी निघून गेला.

“त्याच्या मायनं सांगलं व्हतं मले, काय काम करते तो. मोठ्या यंत्रासाठी बनलेला गेम असते ना, तो या लहान्या यंत्रात बसवते. दुसऱ्या कंपन्यांचा. मोठ्या मान्साचा सदरा उसवाचा आन् लहान्याच्या मापाचा शिवाचा, तसं. कोन्ता गेम, ते तिले नाही सांगता आलं. ती गेल्यावर मी हे आनलं.”

मला एकदम ते अर्ज आठवले. विषय, संदर्भ, महोदय.

“म्हनून तुमी लिहून राहिले व्हते? का त्याले काम भेटावं?”

“बाहेरच्या कंपन्या आल्याच नाही, तर त्यानं बसवाचं काय?” भाऊ म्हणाले. जणू हे कोणालाही कळावं.

“पन नावच पाहाचं, तर इंटरनेटवर सापडलं असतं ना. एवढे गेम खेळत कावून बसले?”

“त्यानं जे केलं ते पाहाले नको? मी त्याले एक दिवस इचारलं नाही, का बाबू, काय आहे याच्यात. सरळ नेऊन भंगारात टाकलं.”

 भाऊंनी बटण दाबलं, बटणांची दांडी माझ्या हातात दिली आणि नावं सुरू झाली.

मी वाचत गेलो. जपानी नावं, फ्रेंच नावं, कुठली कुठली. माझे उच्चार ऐकून त्या माणसांनी माझ्यावर खटला भरला असता. दहा मिनिटं झाली, घसा कोरडा पडला. भाऊ गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. पुढे एका पुण्यातल्या स्टुडिओचं नाव आलं, त्याखाली बारीक अक्षरात आठ-दहा नावं, आणि त्यांत सहावं.  मी बटण दाबून थांबवलं.

“संकेत एस. खंडारे,” मी वाचलं.

“पुना वाच.”

पुन्हा वाचलं. भाऊ उठले, टीव्हीपाशी गेले आणि चष्मा वर करून त्या ओळीला नाक लावल्यासारखे उभे राहिले.

“यस हाये मंधात?”

“हाये, भाऊ.”

“यस ठेवला त्यानं,” ते म्हणाले. “माहं नाव काढता आलं असतं. दुसऱ्याइनं नाही लावलं, पाहा, नुसतं नाव आन् आडनाव. त्यानं ठेवला.”

त्यांचे डोळे गळत होते. ऑपरेशनचं पाणी होतं की दुसरं, मी बघितलं नाही. मी नजर वळवली ती भिंतीवर. बुद्धाची तसबीर, शेजारी वहिनींचा फोटो आणि त्याखाली वहिनींच्या खांद्यावर हात ठेवून उभा असलेला एक मुलगा. कपाळ रुंद, डावी भुवई मधे तुटलेली.

तो मी पाहिला होता.

ऑपरेशनच्या आधी भाऊ डोळे तपासायला दोन दिवस रजेवर होते. त्यातल्या एका दिवशी पाठीवर सॅक घेतलेला तिशीतला एक माणूस माझ्या खिडकीशी आला. “खंडारे साहेब आहेत का?” रजेवर आहेत, म्हटलं, काय काम होतं? “काही नाही,” तो म्हणाला. जरा थांबून म्हणाला, “कसे आहेत ते?”

मागे रांग होती. आत आमची मंडळी ऐकत होती. मला चेव आला. “मजेत आहे! या वयात खेळणं घेऊन फिरते गड्यात. गाडीत गेम, जेवताना गेम. काम आमी करतो, राक्षस ते मारते.” सगळे हसले. तोही हसला. “कोणते गेम खेळतात?” त्याने विचारलं. “काय माहीत बा, लेकराचे,” मी म्हटलं आणि पुढच्या बाईची पावती करायला घेतली. तो थोडा वेळ बाजूला उभा होता. मग दिसला नाही. भाऊ रजेवरून आले तेव्हा मी त्यांना सांगितलंसुद्धा नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे, असं मला वाटलंच नव्हतं.

त्या दुपारी सांगितलं. अक्षर न् अक्षर सांगितलं. भाऊ टीव्हीपाशी उभ्याउभ्या ऐकत होते. मला वाटलं, ते आता मला हाकलतील. हाकलायला हवं होतं.

“दाढी व्हती?” त्यांनी विचारलं.

“थोडी.”

“बारीक झाला?”

“फोटोपेक्षा भरला आहे, भाऊ.”

“एकटाच व्हता?”

“एकटाच.” मग मी म्हणालो, “नंबर असंल ना तुमच्याजवळ? आत्ता लावा फोन.”

“नंबर आहे,” ते म्हणाले. “तो कावून आलता, ते समजल्याशिवाय काय बोलू? तू सांगलं ना त्याले, का मी गेम खेळतो?”

“सांगलं.”

“हसला म्हनतं.”

“हो.”

“कसा हसला?” भाऊ माझ्याजवळ आले. “म्हंजे, ज्यानं माहं फेकलं तोच आता खेळून राहिला, असा हसला? का... चांगला हसला?”

मी आठवून पाहिलं. खरंच जोर लावून आठवलं. त्याचं कपाळ आठवलं, भुवई आठवली, सॅकचा पट्टा आठवला. हसू आठवेना. कारण त्या वेळी मी त्याच्या तोंडाकडे पाहतच नव्हतो. माझ्या विनोदाला रांगेत कोण कोण हसतं, ते पाहत होतो.

“चांगला,” मी म्हणालो. “चांगला हसला, भाऊ.”

तीस वर्षं खिडकीवर लोकांच्या सह्या ताडून पाहिलेला माणूस तो. काळ्या चष्म्यातून माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला.

“बरं,” खंडारेभाऊ म्हणाले, आणि भिंतीला हात लावत लावत आत चहा ठेवायला गेले.