विलंबी आणि शार्वरी या दोन बर्फगाड्यांच्या परीक्षेची हकीकत

श्री विघ्नहर्ता प्रसन्न असो, आणि त्यास सवड नसल्यास निदान धनी प्रसन्न असोत, कारण लिहिणाराचे पोट त्यांच्या पदरी आहे. विकारी नाम संवत्सरी, कार्तिक मासी, डोंगरातील एका राज्यी, ज्याचे नाव लिहिले असता बोटे जातील म्हणोन लिहिले नाही, दोन बर्फगाड्यांची परीक्षा जाहली, ती हकीकत येणेप्रमाणे. त्या मुलखी बर्फ बहुत, घोडे चालेना, बैल चालेना, म्हणोन फिरंगी सौदागरांपासोन स्नोमोबाइल नामे गाड्या घेतल्या होत्या. पुढे दोन पाय घसरावयाचे, मागे दातेरी पट्टा फिरावयाचा, आणि पोटी तेल घातले की डोंगर चढावयाचा. सौदागरांची चाल ऐसी की गाडीवर नेहमी येत्या सालाचे नाव कोरावे, म्हणजे घेणारास वाटावे आपण काळाच्या चार पावले पुढे आहो. राज्यात ज्या गाड्या होत्या त्यांवर विलंबी सालाचे नाव होते आणि विलंबी साल सरोन गेले होते, म्हणोन लोक त्या गाडीसच विलंबी म्हणत. त्यांचा नाईक नागोजी कातरे. माणूस सरळ, जिभेचा कडू, आणि विलंबीवर त्याचा जीव. दोरीला पाच-सात हिसडे दिल्याखेरीज ती जागी होत नसे, तर नागोजी म्हणावयाचे, "घरची सून हाय, जरा रुसायचीच." नागोजींचा धाकटा भाऊ रायाजी वरल्या खिंडीचा ठाणेदार. हिवाळ्यात त्या ठाण्यास खालच्या जगाचा आधार म्हणजे नागोजींची गाडी. दाणा तिने जावा, दुखणाईत तिने यावा. मागल्या हिवाळी ठाण्यातील एक शिपाई तापाने फणफणला, आणि त्यास आणावयास नागोजी निघाले, तो खिंडीखालच्या खोल भुसभुशीत बर्फात विलंबी रुतली, मग फावड्याने उकरावी, पुन्हा रुतावी, पुन्हा उकरावी, ऐसे करिता नागोजी वर पोचले तो शिपाई थंड जाहला होता. रायाजी एवढेच बोलिला, "दादा, तुझी काय चूक?" परंतु नागोजींच्या मनात तो सल राहिला तो राहिलाच.

मग दसऱ्यास सौदागर नवी गाडी घेऊन हुजूर आला, आणि तिजवर येत्या सालाचे, म्हणजे शार्वरीचे, नाव सोनेरी अक्षरी होते. अंगाने सडपातळ, वजनास हलकी, पट्टा लांब, पट्ट्याचे दाते बोटभर अधिक, आणि दोरीबिरी काही नाही, बोट लाविताच गुरगुरावयाची. धनी पाहोन बहुत खुश जाहले आणि हुकूम केला की नवीजुनीची परीक्षा व्हावी, आणि सरस कोण ते नाईकांनी भर दरबारी सांगावे. नागोजी मनात म्हणाले, बाहेरून आलेल्या ह्या नटवीची खोड मोडतो. मग कार्तिकात पहिले बर्फ पडले आणि नागोजी दोन्ही गाड्या घेऊन उतारावर गेले. टणक वाटेवर विलंबी नीट चालली, नागोजींनी तिची पाठ थोपटिली, आणि मग दरीकडील खोल बर्फात घातली, तो ती कमरेइतकी खाली गेली आणि धापा टाकू लागली. मग नागोजी शार्वरीवर बैसले आणि तीच चढण धरिली, तो ती बर्फावरोन ऐसी गेली की नागोजींच्या हातून वळावयाचे राहोन गेले आणि ते थेट माथ्यावर पोचले. तेथे गाडी बंद करोन ते उतरले आणि रडले. अभिमान गेला याचे दुःख थोडे. मागल्या हिवाळी ही असती तर पोरगा वाचला असता, याचे बहुत.

मग दरबार भरला आणि नागोजी हात जोडोन बोलिले, "सरकार, विलंबी माझी लाडकी, पन खोटं कशापायी बोलू? खोल बरफात ती रुतती. ही नवी चढती. खिंडीच्या ठाण्याला ही द्या, येवडंच मागणं हाय." सभेत वाहवा जाहली. तेव्हा दिनकरपंत कारभारी, जे आयुष्यात बर्फावर पाऊल न टाकिता बर्फाचा कारभार पाहत, ते उठोन बोलिले, "नाईकांच्या मुखे सत्य निघाले. जुन्या रुततात, सबब जुन्या मोडीत काढाव्या." आणि त्याच दिवशी घण आणविले, आणि राज्यातील समस्त विलंबी गाड्यांचा चुरा जाहला. नवी येते आहे म्हणोन नागोजी उभे राहिले. मग दुसरे दिवशी नवी न्यावयास दरबारी गेले, तो ती चौरंगावर चढविलेली, वरी शेला घातलेला, आणि दोहीं बाजूंस चोपदार. पंत गोड हसोन म्हणाले, "नाईक, हिजवर साल कोणते?" नागोजी म्हणाले, "शार्वरी." "आणि आज साल कोणते?" "विकारी." "मग जे साल उजाडले नाही त्याची वस्तू आजच वापरणे म्हणजे पंचांगाचा उपमर्द. धन्यांस दोष लागेल. पाडव्यास साल लागते, पाडव्यास या, पूजा करू आणि खुशाल न्या." नागोजी म्हणाले, "पंत, पाडव्याला बरफ कुठलं?" पंत म्हणाले, "तो विचार बर्फाने करावा." नागोजी म्हणाले, "विलंबीबी साल लागायच्या आदीच चालवली होती की." पंत म्हणाले, "म्हणोनच ती रुतत असे." यावर सभा माना डोलावती जाहली, आणि ज्यांस काही कळले नव्हते त्यांनी अधिक डोलाविल्या.

मग मार्गशीर्ष गेला आणि पौषात ऐसे बर्फ कोसळले की खिंडीची वाट पुसोन गेली. दाणा वर गेला नव्हता. ठाण्याची रीत ऐसी की प्राणसंकट पडल्यास काळा धूर करावा; तो धूर एके सकाळी दिसला. रायाजीची बायको गोजराबाई अंगणातोन ओरडली, "भावोजी, धूर!" आणि नागोजी उघड्या पायी वाड्याकडे धावले. तेथे धनी शार्वरीवर बैसोन चित्र काढवीत होते, कारण चालविण्यास दोष आहे, बसण्यास नाही, ऐसा शास्त्रार्थ पंतांनी काढिला होता. नागोजींनी पागोटे पायांवर ठेविले आणि भावाचे नाव घेतले. धनी दयाळू. ते म्हणाले, "नाईक, तुम्हीच ना जुनीस नावे ठेविली? आता नवीसाठी दम धरा." आणि नागोजींस मानाची शाल दिली. मग नागोजी ती शाल कमरेस बांधोन दोन सोबती घेऊन पायी निघाले, आणि छातीइतक्या बर्फात अर्धी वाट गेले, आणि एक सोबती पडला तेव्हा त्यास ओढीत मागे फिरले. नागोजींच्या पायाची बोटे गेली. धूर बारीक होत गेला आणि मग एके सकाळी दिसेनासा जाहला, आणि गोजराबाई त्या दिवशीही अंगणात उभी होती.

मग पाडवा आला. गुढी उभारिली, वाजंत्री लागली, शार्वरीस हळदकुंकू वाहिले, चौरंगावरोन उतरविली, आणि बाहेर पाहावे तो चहूंकडे चिखल. ती चिखलात हातभर गेली आणि बंद पडली, आणि लोकांनी टाळ्या वाजविल्या. नागोजी तेथे नव्हते. ते काठी टेकीत खिंडीत गेले होते. ठाण्यात सर्व माणसे चुलीपाशी बसल्या जागी सापडली आणि एकाच्याही अंगावर घोंगडे नव्हते, कारण धुरासाठी घोंगडीच जाळिली होती. नागोजींनी भावास पाठीवर घेऊन खाली आणिले. तेरावे जाहले आणि पाहुणे गेले, मग गोजराबाई चुलीपुढोन म्हणाली, "भावोजी, येवडं एक डाव खोटं बोलला असता, तर जिभंला काय फोड आला असता व्हय? रुतनारी का हुईना, गाडी तर राहिली असती."

पुढे त्या सालच्या दसऱ्यास सौदागर पुन्हा आला आणि प्लव सालाची गाडी आणिली, आणि धनी पुन्हा खुश जाहले, आणि कार्तिकात पुन्हा परीक्षा जाहली. शार्वरी आता जुनी. नागोजी लंगडत दरबारी आले आणि जन्मात प्रथमच खोटे बोलिले. म्हणाले, "सरकार, नवीत काय दम न्हाई. जुनीच चांगली. शार्वरीच राहू द्या." दरबार हसू लागला. दिनकरपंत कळवळोन म्हणाले, "नाईक थकले. त्यांस आता नवे उमजत नाही." आणि घण आणविले, आणि परीक्षेखेरीज बर्फाचा एक कणही न पाहिलेली शार्वरी मोडीत निघाली, आणि प्लव चौरंगावर चढली, पाडव्यापर्यंत.

त्या हिवाळी खिंडीचे ठाणे कोणी घेईना, म्हणोन नागोजींनी ते मागोन घेतले. निघतेवेळी गोजराबाई आडवी आली, "मी बोलले ते रागाच्या भरात, भावोजी. ह्या पायानं वर कशाला जाता?" नागोजी म्हणाले, "बाई, खाली ऱ्हाऊन करू काय? खरं बोलून बघितलं, खोटं बोलून बघितलं." आणि भाकरीचे गाठोडे काखेस मारोन चालू लागले.

येणेप्रमाणे नवीजुनीची परीक्षा समाप्त जाहली. दोन्ही वेळा नवी सरस ठरली, धन्यांचा निवाडा चुकला नाही, दिनकरपंतांस सोन्याचे कडे मिळाले. राज्यात आजमितीस चालती गाडी एकही नाही. ठाणेदार नागोजी कातरे वर आहेत. पौष लागला आहे.