गुरगुरण्यास मनाई आहे

एका जंगलात, मुलांनो, ग्रामपंचायत होती. दचकू नका. जंगलात साप असतात, विंचू असतात, तशीच एखादी ग्रामपंचायतही असते.

त्या जंगलात केसोबा नावाचं एक अस्वल राहायचं. केसोबा अंगानं दांडगा, मनानं मऊ आणि स्वभावानं अतिशय भिडस्त. कुणी ठासून काही सांगितलं की त्याला ते खरं वाटायचं. जितक्या मोठ्यानं सांगितलं, तितकं जास्त खरं वाटायचं.

गुहेत तो एकटाच असायचा. एकटं राहून राहून त्याला स्वतःशी बोलायची सवय लागली होती. हल्ली हल्ली तर स्वतःचं बोलणंही त्याला पटेनासं झालं होतं.

एके सकाळी त्याच्या गुहेच्या तोंडाशी एक कुत्रा येऊन बसला. गावाकडून पळून आलेला. अंग पांढरं, कपाळावर काळा ठिपका, गळ्यात तुटक्या दोरीचा तुकडा. केसोबानं दोरी सोडवली, पुढ्यात पाणी ठेवलं आणि त्याला टिकल्या म्हणायला सुरुवात केली.

टिकल्या केसोबाच्या पायाशी झोपायचा. केसोबा मध काढायला गेला की झाडाखाली बसून राखण करायचा. आणि केसोबा बडबडायला लागला की मान वाकडी करून ऐकायचा. इतकं मन लावून आपलं कुणी ऐकतंय, ही केसोबाच्या आयुष्यातली पहिलीच वेळ होती.

अडचण एकच. कुणी वरून डोक्याकडे हात नेला की टिकल्या गुरगुरायचा.

आता या जंगलाचे सरपंच होते सांबरराव. त्यांना आशीर्वाद द्यायचा नाद होता. दिसेल त्याच्या डोक्यावर ते खूर ठेवायचे आणि म्हणायचे, "सुखी राहा." एकदा त्यांनी मुंग्यांच्या एका रांगेला आशीर्वाद दिला होता. त्या मुंग्या पुढे कुठं गेल्या, हे कुणी विचारलं नाही.

सांबरराव एक दिवस केसोबाच्या गुहेपुढून चालले होते. टिकल्या दिसला. त्यांनी खूर उचलला. टिकल्या गुरगुरला.

"केसोबा, हा माझ्यावर गुरगुरला!"

"सवय नाही हो त्याला, साहेब."

"त्याला नसेल. मला आहे ना आशीर्वाद द्यायची! काहीतरी बंदोबस्त करा."

केसोबा घाबरला आणि तडक उग्रसेन तरसाकडे गेला.

उग्रसेन तरसाचं श्वानशिस्त शिबिर होतं. आपण सात वर्षं लांडग्यांच्या कळपात काढली, असं तो सांगायचा. खरं म्हणजे सात वर्षं तो कळपाच्या मागे मागे उरलेली हाडं चघळत फिरला होता आणि लांडग्यांना त्याचा पत्ताही नव्हता. पण आवाज मोठा होता. केसोबाला सगळं खरं वाटलं.

"तुम्ही राजा, तो प्रजा," उग्रसेन म्हणाला. "राजानं आधी जेवायचं. राजानं आधी दारातून जायचं. प्रजा गुरगुरली की पाठीत काठी. एवढं केलं की कुत्रा सुधारलाच."

केसोबाच्या गुहेचं दार अरुंद होतं. राजा आधी जायला लागला आणि रोज दारात अडकायला लागला. प्रजा मागे उभी राहून राजाचा मागचा भाग बघत बसायची.

काठी मात्र केसोबाला मारवेना. उग्रसेननं एकदा मारून दाखवली. "त्याच्याच भल्यासाठी आहे हे," तो म्हणाला. मग केसोबानं डोळे मिटून मारली. डोळे उघडले तेव्हा टिकल्या त्याच्याकडेच बघत होता. त्या दिवशी केसोबाला मध गोड लागला नाही.

पण गुण आला! आठ दिवसांत टिकल्याचं गुरगुरणं बंद झालं. जो तो बघायला यायचा. डोक्याकडे पंजा नेला तरी टिकल्या गप्प. फक्त तोंड फिरवायचा, उगाच ओठ चाटायचा, झोप आलेली नसताना जांभई द्यायचा आणि शेपूट पोटाखाली घ्यायचा.

"बसल्या जागी अंग आखडून घेतो हल्ली," केसोबा म्हणाला. "मी बोललो तरी मान वर करत नाही."

"गंभीर झालाय," उग्रसेन म्हणाला. "समज आली की असंच होतं."

मग वडाखाली उग्रसेनचा सत्कार ठरला. टिकल्याला मधोमध बसवलं. सांबररावांनी भाषण केलं, मग सगळ्यांनी नीट बघावं म्हणून ते खाली वाकले, तोंड टिकल्याच्या तोंडाजवळ नेलं आणि खूर त्याच्या डोक्यावर ठेवला.

टिकल्यानं आवाज केला नाही. शिकवल्याप्रमाणे अगदी गप्प राहून त्यानं सरपंचांच्या नाकाला कडकडून चावा घेतला.

"बाझं दाक!" सांबरराव ओरडले. त्यांना 'माझं नाक' म्हणायचं होतं.

तिथल्या तिथे ठराव झाला. पंधरा दिवसांनी पुन्हा सभा. तोवर कुत्रा सुधारला नाही आणि पुन्हा चावला, तर त्याला नदीपलीकडे सोडायचं. नदीपलीकडे बिबट्या राहायचा. बिबट्याला कुत्रे फार आवडायचे. उरायचे मात्र नाहीत.

"गुरुजी, आता काय करू?" केसोबानं विचारलं.

"पद्धत बरोबर आहे," हार सावरत उग्रसेन म्हणाला. "अस्वल चुकीचं निघालं."

केसोबा टिकल्याला घेऊन तळ्याकाठी गेला आणि मोठमोठ्यानं रडायला लागला. तळ्यात ढालेकाकू राहायच्या. ढालेकाकू म्हणजे कासवीण. वय किती ते त्यांनाही आठवत नव्हतं. आवाजानं त्या वर आल्या. त्यांना वर यायला वेळ लागला, पण केसोबाचं रडणंही लवकर संपण्यातलं नव्हतं.

सगळं ऐकून घेतल्यावर त्या म्हणाल्या, "न सांगता चावला म्हणतोस?"

"हो ना! एकाएकी!"

"तोंड फिरवत होता का?"

"हो."

"ओठ चाटत होता? जांभया देत होता? शेपूट आत?"

"हो, पण..."

"म्हणजे चारदा सांगितलं त्यानं. भीती वाटते, लांब व्हा, म्हणून. तुम्हाला कुणाला कळलं नाही. पाचव्यांदा सांगायला त्याच्याकडे गुरगुरणं होतं. ते तू काठीनं काढून घेतलंस. मग उरलं काय? दात."

केसोबा टिकल्याकडे बघत राहिला.

"मला कुणी घाबरवलं की मी कवचात जाते," काकू म्हणाल्या. "सगळे म्हणतात, वा, कासव! तो बिचारा कुठं जाणार? त्याला आत जायला जागाच नाही."

"काकू, मी त्याची माफी कशी मागू?"

"मागून त्याला कळायचं नाही. रोज सारखा वाग. आज लाड आणि उद्या काठी, असं झालं की तुझा हात उचलला गेला तर त्यानं काय समजायचं? आधी ती काठी फेक. आणि उद्यापासून बक्षीस आण."

दुसऱ्या दिवशी केसोबानं बक्षीस म्हणून मधाचं पोळं आणलं. टिकल्यानं हुंगलं आणि शिंकला.

"तुझ्या आवडीचं नव्हे रे," काकू म्हणाल्या. "त्याच्या आवडीचं."

पाणमांजरं खडकावर मासे वाळवायची, त्यांच्याकडून केसोबानं सुकट मागून आणली. सुकटीचा वास आला आणि टिकल्यानं कितीतरी दिवसांनी कान टवकारले. केसोबाचेही कान टवकारले. त्या दिवशी टिकल्याला सुकटीचे अकरा तुकडे मिळाले आणि केसोबाला त्याहून बरेच जास्त.

शिकवणी अशी होती. काकू वीस पावलांवर उभ्या राहायच्या. टिकल्यानं त्यांच्याकडे बघितलं की केसोबानं लगेच सुकट टाकायची. मग काकू एक पाऊल पुढे यायच्या. टिकल्यानं तोंड फिरवलं की तिथेच थांबायच्या. ओठ चाटले की मागे सरायच्या. भेदरलेल्या कुत्र्याकडे कसं जावं, हे साऱ्या जंगलात एकट्या कासवीणबाईंना जन्मतःच येत होतं.

बघायला आलेले प्राणी कंटाळून निघून गेले. "यात शिकवणं कुठं आहे?" ते म्हणाले. "एक चालत नाही, दुसरा खातोय, तिसरा खायला घालतोय."

दिवस जाऊ लागले. वीस पावलांची दहा झाली. दहाची चार झाली. टिकल्या आता काकूंना बघून केसोबाच्या पिशवीकडे बघायचा, कारण काकू दिसल्या की सुकट येते, हे त्याला पक्कं समजलं होतं.

बाराव्या दिवशी काकू जरा भराभर आल्या. म्हणजे कासवाच्या मानानं. आणि टिकल्या गुरगुरला.

केसोबाचा पंजा सवयीनं वर गेला.

"थांब!" काकू म्हणाल्या. "शाब्बास म्हण त्याला."

"गुरगुरला म्हणून?"

"बोलला म्हणून. चावला नाही म्हणून."

काकू दोन पावलं मागे सरल्या. टिकल्याचं गुरगुरणं थांबलं. त्यानं काकूंकडे बघितलं, मग केसोबाच्या वर गेलेल्या पंजाकडे बघितलं. केसोबानं पंजा हळूच खाली घेतला आणि जमिनीवर उताणा ठेवला. बराच वेळ काहीच झालं नाही. मग टिकल्या पुढे आला आणि त्यानं आपली हनुवटी त्या पंजात ठेवली.

केसोबा पुन्हा रडला. पण या वेळी आवाज न करता, टिकल्या दचकेल म्हणून.

पंधराव्या दिवशी सभा भरली. सांबररावांचं नाक अजून वांग्यासारखं होतं. उग्रसेन नवी काठी घेऊन पहिल्या रांगेत बसला होता.

केसोबा उभा राहिला. तो म्हणाला, "साहेब, खूर वरून आणू नका. जरा बाजूला बसा. त्याला वाटलं तर तो येईल."

"मी सरपंच आहे," सांबरराव म्हणाले. "मी असा कुठंही बसत नाही. मला बसवतात."

आणि त्यांनी खूर उचलला.

टिकल्यानं तोंड फिरवलं. ओठ चाटले. मग अगदी खालच्या पट्टीत तो गुरगुरला.

"गुरगुरला! गुरगुरला!" उग्रसेन काठी घेऊन धावला.

पण सरपंचांच्या नाकाला सगळं आठवत होतं. खूर आपोआप मागे गेला. गुरगुरणं थांबलं. सांबररावांनी खूर पुन्हा पुढे केला. गुरगुर. मागे घेतला. शांत.

केसोबाला पंधरा दिवसांत एक सवय जडली होती. कुणी शहाण्यासारखं वागलं की त्याचा पंजा पिशवीत जायचा. पिशवीत सुकटीखाली वाटेत वेचलेले दोन-चार आवळे होते. त्यानं एक आवळा काढला, "शाब्बास!" म्हणाला आणि सरपंचांच्या तोंडात घातला.

सांबररावांनी आवळा चावला. "आणखी आहेत?" त्यांनी विचारलं.

ते एक पाऊल आणखी मागे सरले. त्यांना दुसरा आवळा मिळाला.

"मागच्या वेळी यानं मला कळवलं नव्हतं," सरपंच तोंड पुसत म्हणाले. "या वेळी कळवलं. ठराव चावण्याबद्दल होता. चावला का? नाही. कुत्रा इथंच राहील. ती काठी खाली ठेवा हो उग्रसेन, माझ्या डोळ्यात जाईल."

टिकल्या वाचला. केसोबा त्याला घेऊन नाचतच घरी गेला. दारातून आधी टिकल्या गेला, मग त्यानं केसोबाला आत ओढलं.

मुलांनो, गोष्ट इथंच संपली असती तर ती गोड झाली असती. पण तिथं ग्रामपंचायत होती.

सभेच्या वृत्तांतात लिहिलं गेलं, 'श्री. उग्रसेन यांच्या शिस्तीचा परिणाम काहीसा उशिरा दिसून आला.' उग्रसेनला शाल मिळाली. केसोबा चिडून तळ्यावर गेला, तर ढालेकाकू म्हणाल्या, "मला शाल घेऊन करायचं काय? पाठीवर आधीच पुष्कळ आहे."

इकडे सभेत मागे बसलेल्या एका सशानं सगळं नीट बघून ठेवलं होतं. पुढच्या सभेत तो उठला. "पाणवठ्यावर रोज सांबरांनाच आधी पाणी का?" त्यानं विचारलं. सरपंच त्याला आशीर्वाद द्यायला पुढे आले, तसा ससा गुरगुरला. आवाज बारीक होता, पण गुरगुरणंच ते.

सांबरराव पटकन मागे सरले आणि त्यांनी तोंड उघडलं. सशाकडे आवळा नव्हता.

तेव्हा सरपंचांच्या लक्षात आलं की हे प्रकरण वाढत जाणार. त्याच आठवड्यात वडावर पाटी लागली, 'गुरगुरण्यास मनाई आहे.' नागरिकांसाठी शिस्त शिबिर सुरू झालं. त्याचे प्रमुख कोण, हे तुम्हाला सांगायला नको.

टिकल्याला वाचता येत नव्हतं. तो गरज पडेल तेव्हा गुरगुरत राहिला, आणि केसोबा दर वेळी विचारत राहिला, "काय झालं रे?"

बाकी जंगल एकदम शांत झालं. सांबरराव सकाळ-संध्याकाळ फेरी मारायचे, प्रत्येकाच्या डोक्यावर खूर ठेवायचे आणि समाधानानं म्हणायचे, "हा ससा बघा, किती सुधारला! हल्ली अगदी हूं की चूं करत नाही. नुसता माझ्या नाकाकडे बघत राहतो."

तात्पर्य : गुरगुरणाऱ्याला वेळीच गप्प करावं, म्हणजे सगळीकडे शांतता नांदते. चावा ही त्यानंतरची गोष्ट आहे, आणि तिच्यासाठी वेगळी समिती नेमता येते.