रहीमोचं झाड आणि तिसरा पेला

रबराच्या झाडाचं सातवं पान पिवळं पडून गळलं, तेव्हा तुहामींच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांची बायको रहीमो लेकीच्या बाळंतपणाला टँजियरला गेली होती. जाताना तिने एवढंच बजावलं होतं, "मातीत बोट घालून बघा. ओली लागली तर पाणी द्यायचं नाही. माझ्या आईची आठवण आहे ती." शुक्रवारी ती परतणार होती.

तुहामींनी वीस दिवसांत थेंबभर पाणी दिलं नव्हतं, कारण बोट घालावं तर माती ओलीच. उलट रहीमोला खूश करायला त्यांनी झाड मातीच्या कुंडीतून काढून आजोबांच्या पितळी हंड्यात लावलं होतं. दुपारची अजान विरत जाई, समुद्रवाऱ्याने पडदा हळूच फुगे, आणि दिवाणावर लवंडलेल्या तुहामींना वाटे, झाड तिच्यासाठी आतल्या आत रडतंय. माती ओली राहते ती त्यामुळेच.

हे त्यांनी रोज चहाला येणाऱ्या गल्लीतल्या शेजाऱ्यांना बोलून दाखवलं. मग अख्खं तेतुआन शहर समाचाराला लोटलं. आल्यागेल्याला पुदिन्याचा चहा, तोही तीन पेले. तिसरा नाकारणं म्हणजे यजमानाचा अपमान. तुहामी मधुमेहामुळे स्वतः चहाला शिवत नसत, पण दुसऱ्याला सढळ हाताने पाजत. तिसरा पेला भरला की त्यांचा डोळा लागे, आणि उघडला की सगळे पेले रिकामे दिसत. त्यांना धन्य वाटे.

गुरुवारी हंड्याला आंबूस वास सुटला, वर चिलटं घोंगावू लागली. शेजारचा मफद्दल शिंपी म्हणाला, "मुळं कुजली असणार. काढून बघा."

"पाणी न घालता कुजली?"

मफद्दल खिडकीबाहेर बघत राहिला.

झाड उपसलं. मुळं काळी पडलेली, चिमटीत धरताच लगदा होत होता. आणि त्या लगद्यात मूठभर पुदिन्याची पानं.

"मफद्दल, पुदिना काही मी लावला नव्हता."

"मी एकटाच नाही हं," मफद्दल पुटपुटला. "तुमच्या चहात साखरेने चमचा उभा राहतो, तुहामीसाहेब. आणि हंडा आपला हाताशीच."

"मग तोंडावर सांगायचं होतंत."

"तुमच्याच दिवाणावर बसून?"

तुहामींना वाईट वाटलं, चहाचं झाडापेक्षा जरा जास्तच. दोघांनी मऊ मुळं कापली, पांढरी टणक तेवढी राखली आणि कोरड्या मातीत, जुन्या कुंडीत झाड लावलं.

शुक्रवारी रहीमो आली. झाडाकडे बघून तिचा चेहरा पडला. मग कोपऱ्यातला हंडा दिसला.

"यात लावलं होतंत? अहो, याला खाली भोक तरी आहे का? चहा जाणार कुठून?"

पडदा फुगला आणि खाली बसला.

"म्हणजे तूसुद्धा? लग्नाची तीस वर्षं?" तुहामींनी विचारलं.

"तुमचा डोळा लागला की," रहीमो म्हणाली.

तुहामींनी उठून चहा केला. दोन पेले तिने गुपचूप प्यायले. मग त्यांनी कुंडी लांब सरकवली, तिच्या हाताशी एक रिकामा वाडगा ठेवला, तिसरा पेला काठोकाठ भरला आणि डोळे मिटून घेतले.