आधी माणूस आडवा, मग झाड

मोठं झाड पाडण्याआधी जान्यादादा स्वतः जमिनीवर आडवा होतो. झाड जिथे पडायला हवं, बरोबर त्या जागी. पाय बुंध्याकडे, डोकं शेंड्याच्या दिशेला. खाली चिखल असो, अंगावर मुंग्या चढोत. आभाळाकडे बघत तो विचारतो, "सरळ हाय का?"

पूर्वी याचं उत्तर बुंध्याजवळून यायचं. तिथे त्याची बायको बुधी दोर घेऊन उभी असायची. "डोकं विहिरीच्या अंगाला घे. आनखी. हां, सरळ हाय. ऊठ आता, झोपायला नाय बोलावलं."

माझी कुंभवलीला लाकडाची वखार आहे. कारखान्यांना खोकी आणि पॅलेट पुरवतो. फेकलेल्या खोक्यांचे खिळे उपटत मी या धंद्यात आलो, त्यामुळे कुणाला काही फुकट सोडायची सवय नाही. जान्यादादा डोंगराकडचा. पावसाळ्यात स्वतःचं भात आणि नाचणी, एरवी माझ्यासाठी झाडं पाडणं. एकदा मी त्याला मजुरीच्या भावावरून धारेवर धरलं. कुऱ्हाड तीच, हात तेच, मग मोठ्या झाडाला वेगळा दर कशाला?

त्याने मला निलगिरीच्या रांगेत नेलं. मांडीएवढ्या खोडावर एका बाजूने करवत चालवली, खांदा लावला, झाड आडवं. "हे वासरू. कान धरला की चाललं. कुठं बी पडंल, आपन उचलून आनू. मोठं झाड म्हंजे व्याही, शेट. त्याच्या मनासारकं करतोय असं दाखवायचं आनि आपल्याला पायजे तिकडं बसवायचं."

व्याह्याला बसवायची त्याची रीत अशी. आधी फांद्या छाटून भार कमी करायचा. वर दोर बांधायचा. ज्या बाजूला पाडायचं तिथे खाच घ्यायची, तिला तो तोंड म्हणतो. मग पाठीमागून करवत, पण पूर्ण नाही. मधे लाकडाची पट्टी राखायची, म्हणजे झाड बिजागरीवरच्या दारासारखं वळतं. "पुरं कापलं की ते मोकळं. मग कुनाच्या बापाचं ऐकत नाय." दातिवऱ्याला त्याने म्हणे मासळी वाळवायच्या दोन मांडवांमधून एक चिंच पाडली आणि एक बोंबीलसुद्धा हलला नाही. ही चिंच दर वर्षी थोडी जाड होते.

बुधी गेली आणि त्यानंतर तो फक्त लहान झाडं घेऊ लागला. माझा माल येत होता, मी विचारलं नाही.

मग एका वादळात माझ्या वखारीजवळचा जुना शिरीष कलला. एका बाजूला माझी शेड, दुसऱ्या बाजूला कामगारांच्या खोल्या, मधे झाड जेमतेम मावेल एवढा पट्टा. रोज सकाळी कामगार विचारायचे, "सेठ, गिरेगा क्या?" वारा सुटला की ते पोराबाळांना घेऊन बाहेर बसायचे आणि मी घरी नुसता कूस बदलायचो. परवानगी हातात आली तशी मी जान्यादादाला बोलावलं.

तो आला, पट्ट्यात आडवा झाला, विचारलं, "सरळ हाय का?" बराच वेळ पडून राहिला. मग उठून माती झटकली. "आज नाय. वारा हाय."

पुढच्या खेपेला वारा नव्हता, तर अवस होती. त्यानंतर झाडाची नजर बरी नव्हती.

"दुसरा माणूस आणतो," मी ओरडलो.

"आना. शेडचे नवे पत्रे बी आना."

ते हेलपाटे मी अजून विसरलेलो नाही. माणसाने तोंडाने सांगावं. झोपून काय सांगतो?

पुन्हा बोलावलं तेव्हा माझं डोकं आधीच तापलेलं. तो आडवा झाला. "सरळ हाय का?" मी बुंध्याजवळच होतो.

"सरळ कसलं? डोकं माझ्या शेडमध्ये घालतोयस. खोल्यांच्या अंगाला घे. थोडं परत. हां. ऊठ आता, झोपायला नाही बोलावलं."

तो हलला नाही. मग हळूच उठला, माती न झटकताच झाडावर चढला.

फांद्या उतरल्या, दोर बांधून झाला. दोराचं टोक त्याने माझ्या हातात दिलं. इतके धट्टेकट्टे कामगार उभे आहेत, मी म्हणालो.

"नाय, तुमी. भावात आठ आने सोडत नाय, दोर कशाला सोडाल? पन मी सोड म्हनलो की सोडायचा. नायतर झाडासंगं जाल."

तोंड झालं. पाठीमागून करवत चालली, पाचर ठोकली. दोर ताणून माझे हात सोलवटले. वर शेंडा हलला, आतून एक लांब कण्हणं आलं.

"बुधे, सोड."

मी सोडला.

धूळ खाली बसली तेव्हा शिरीष पट्ट्यात सरळ पडला होता. शेडचे पत्रे जागेवर, खोल्या जागेवर. मी तिथेच ओंडक्यावर बसलो. जान्यादादा बुंध्यापासून शेंड्यापर्यंत चालत गेला, तिथे पाठमोरा उभा राहिला. परत आला तेव्हा डोळे लाल होते. भुसा गेला असेल.

"माकुणसारला एक आंबा हाय," तो म्हणाला. "मोठा हाय."

"मग? मी वखारवाला आहे, दोरवाला नाही."

तो दोर गुंडाळत राहिला.

"चहा तुझा," मी म्हणालो. "आणि पाव पण."

"चा माजा. पाव बी माजा," तो म्हणाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याने माझ्याशी घासाघीस केली नाही.