पुठ्ठ्याची चावी

ही गोष्ट दोन हजार सतरा सालची. त्या वर्षी रांचीकडच्या गुमला जिल्ह्यातल्या कोयनारटोली गावात बिरसो कुजूर या विधवा बाईला सरकारी योजनेतून पक्कं घर मंजूर झालं आणि त्याच आठवड्यात ती बेघर झाली. दोन्ही गोष्टी नियमाप्रमाणेच झाल्या. घर नसलेल्यालाच घर मिळत असल्यामुळे आधी जुनं पाडून, पाडलेल्या जागेवर उभं राहून फोटो काढून घेणं आवश्यक होतं. बिरसो मातीच्या ढिगाऱ्यावर उभी राहिली, पदर सारखा केला आणि सांगितलं तिकडे बघितलं. छपराची कौलं तेवढी तिनं फणसाखाली रचून ठेवली आणि दिराच्या, बंधनच्या, शेळ्यांच्या गोठ्यात बिऱ्हाड हलवलं.

"दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे, वहिनी," बंधन म्हणाला. शेळ्यांचं मत कोणी विचारलं नाही.

पाडलेलं घर तिच्या लग्नाच्या वर्षी उभं राहिलं होतं. त्या काळी घर बांधायचं म्हणजे मदईत घालायची. घरधनीण तांदळाची हंडिया आंबवायची आणि सांगावा धाडायची. सकाळी सगळं गाव हजर. पोरी माती तुडवायच्या, बाप्ये भिंत चढवायचे, म्हातारे सावलीत बसून दोघांच्याही चुका काढायचे. मजुरी म्हणजे पोटभर भात, पानाच्या द्रोणातून हंडिया आणि 'आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे'. प्रमाणपत्र कोणाकडेच नव्हतं. त्या भिंती चाळीस वर्षं उभ्या राहिल्या, पण अनधिकृतपणे.

आता तसं चालणार नव्हतं. त्याच वर्षी 'ग्रामीण गवंडी संघटन व उन्नयन अभियान' सुरू झालं होतं. गावोगावच्या गवंड्यांना संघटित करावं, शिकवावं, म्हणजे त्यांना रोजगार मिळेल आणि गरिबांना चांगली घरं, असा त्यामागे उदात्त हेतू होता. म्हणून नियम निघाला, की प्रशिक्षित गवंड्याशिवाय मंजूर घराच्या विटेला कोणी हात लावायचा नाही. कोयनारटोलीत प्रशिक्षित गवंडी एकही नव्हता. ज्यांना काम येत होतं ते सगळे केरळात होते. बिरसोचा मुलगा जोगनाही तिथेच होता. तिनं त्याला फोन करून बोलावून घेतलं. तो थापी आणि ओळंबा पिशवीत घालून आला आणि आईबरोबर अभियानाच्या कार्यालयात गेला. समन्वयक सहायसाहेबांनी त्याला बसायला खुर्ची दिली. माणूस सभ्य होता.

"किती वर्षं काम करतोस?"

"बरीच, साहेब. एर्नाकुलमला. तीन मजली, चार मजली."

"प्रमाणपत्र?"

"प्रमाणपत्र नाही. घरं आहेत."

"घरं अर्जाला जोडता येत नाहीत," सहायसाहेब हळहळून म्हणाले.

"मग मला प्रशिक्षणात घ्या."

"प्रशिक्षण अकुशल माणसासाठी आहे. कुशल माणसाला कुशल केलं तर अहवालात वाढ काय दाखवायची?"

बिरसो मध्ये पडली. "साहेब, त्याला काही येत नाही असं लिहा. त्याचा बाप जन्मभर हेच म्हणायचा."

एवढा भक्कम कौटुंबिक पुरावा मिळाल्यावर जोगनाची अकुशल म्हणून नोंद झाली. शिवाय सरावासाठी जागा हवीच होती, ती बिरसोची निवडण्यात आली. घर तर होईलच, वर गावातली पोरं शिकतील. बिरसोनं आनंदानं सगळ्यांना गूळ वाटला.

रांचीहून ओझा गुरुजी शिकवायला आले. पिवळ्या टोप्या आल्या. गवंडी संघटना स्थापन झाली. तिला अध्यक्ष, दोन उपाध्यक्ष आणि एक खजिनदार मिळाला. पहिल्या सभेत, सभा दर आठवड्याला घ्यावी असा ठराव एकमतानं झाला. मग भिंतीचं काम सुरू झालं आणि पहिल्याच दिवशी जोगनानं घोटाळा केला.

"हे काय?" ओझा गुरुजी ओरडले. "एका दिवसात भिंत छातीपर्यंत? अभ्यासक्रमात छाती पाचव्या आठवड्यात आहे!"

"मग तोवर मी काय करू, गुरुजी?"

"बाजूचा कसा करतो ते बघून शीक."

बाजूचा वीट उलटी धरून होता. जोगनानं तसंही करून बघितलं.

यथाकाल भिंत खिडकीच्या वर गेली. परीक्षक आले, फोटो झाले, टाळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी नवी तुकडी आली आणि ओझा गुरुजींनी हुकूम सोडला, "पाडा!"

बिरसो हातातलं सूप टाकून धावली. "अहो गुरुजी, माझं घर आहे ते!"

"मावशी, ही सरावाची भिंत. हिच्यात सिमेंट आहे का? मातीच्या गाऱ्यात रचली, ती पाडता यावी म्हणूनच. त्याच विटा पुन्हा वापरायच्या."

"मग घर कधी बांधायचं?"

"गवंडी तयार झाले की."

"हे काय, झाले की तयार!"

"हे झाले. पुढचे नाही झाले. ही उभी ठेवली तर त्यांनी काय आभाळात विटा लावायच्या?"

बिरसोनं वर बघितलं. आभाळ तेव्हा तिच्या बिऱ्हाडावर गळतच होतं.

भिंत चढत गेली, पडत गेली. दर पाडणीत काही विटा फुटत. विटा कमी झाल्या तसं उत्तीर्ण होण्यासाठी लागणारी उंचीही खिडकीवरून कमरेवर आणण्यात आली, त्यामुळे निकाल सुधारला. प्रमाणपत्र मिळालेल्या पोरांना गावात काम नव्हतं, कारण घर एकच होतं आणि ते सरावात होतं. ती केरळला निघून गेली. तिथे प्रमाणपत्र कोणी मागत नव्हतं. पोरं गेल्यामुळे गावात पुन्हा प्रशिक्षित गवंड्यांचा तुटवडा निर्माण झाला आणि आणखी एका तुकडीची निकड वरिष्ठांना पटली. जोगना मात्र प्रत्येक परीक्षेत नापास होत राहिला. कारण लिहिलेलं असे, 'वेग अभ्यासक्रमाशी विसंगत'.

असं करता करता सोहराई आली. सोहराईला गोठा सारवायचा, दिवे लावायचे, गुरा-शेळ्यांना ओवाळायचं. बंधन दोनदा गोठ्याच्या दाराशी येऊन परत गेला. मग एकदाचा म्हणाला, "वहिनी, राग नको मानू. पण सणाच्या दिवशी शेळ्यांच्या घरात माणसं बरी दिसत नाहीत."

बिरसोला राग आला नाही. तिचं म्हणणं शेळ्यांसारखंच होतं. अभियानाला सणाची आठवडाभर सुट्टी होती. तिनं हंडिया लावली आणि जुन्या रीतीनं मदईतीचा सांगावा धाडला.

सगळं गाव आलं. उरल्यासुरल्या विटांत एक खोली बसत होती. बंधनच्या पडवीत मंजूर सिमेंटच्या गोण्या दगड व्हायच्या बेतात होत्या, त्या बाहेर निघाल्या. जोगनानं दोरी बांधली आणि थापी हातात घेतली. शेजारची सुकरो काकी गारा कालवत ओरडली, "दमानं रे जोगना! छाती पाचव्या आठवड्यात!" सगळी माणसं हसली. म्हातारे सावलीत बसून चुका काढू लागले. सुट्टी संपायच्या आत फणसाखालची कौलं वर चढली आणि बिरसोनं स्वतःच्या चुलीवर भात शिजवला. शेळ्यांवाचून पहिली झोप तिला लवकर लागली नाही.

सुट्टीनंतर ओझा गुरुजी नवी तुकडी घेऊन आले आणि सवयीनं म्हणाले, "पाडा!"

पोरांनी भिंतीला खांदे लावले. भिंत हलली नाही. गुरुजींनी बोटानं टकटक केली आणि त्यांचा चेहरा उतरला. "यात सिमेंट आहे!" जेवणात विष सापडावं तसे ते म्हणाले.

सहायसाहेब जीपनं धावत आले.

"कोणी बांधलं हे?"

"गावानं."

"मजुरी काय दिली?"

"हंडिया."

"तिचं हजेरीपत्रक?"

"साहेब," सुकरो काकी म्हणाली, "पिऊन झाल्यावर कोण हजेरी लावतं? आणि आधी लावायला सवड कोणाला?"

सहायसाहेबांनी प्रकरण सहानुभूतीनं हाताळलं. मजुरी नोंदलेली नाही, म्हणजे काम झालेलं नाही. काम झालेलं नाही, म्हणजे घर नाही. घर नाही, म्हणजे बिरसो त्यात राहते हे संभवत नाही. पण सरावाच्या जागेवर, सरावाच्या विटांत काहीतरी उभं आहे हे डोळ्यांना दिसतं, तेव्हा ते अभियानाचं असलं पाहिजे. अशा रीतीनं त्या खोलीला 'आदर्श गवंडी प्रशिक्षण केंद्र' हे नाव मिळालं आणि बिरसोच्या चुलीच्या जागी टेबल आलं.

"आयो, कुलूप लागायच्या आत मी दारात आडवा पडतो," जोगना म्हणाला.

"पडलास तर म्हणतील, यांच्याकडे घर आहे," बिरसो म्हणाली. "यादीतलं नाव जाईल. निदान बेघर तरी राहू दे मला."

उद्घाटनाला मंत्रिमहोदय आले. त्यांनी बिरसोला शाल दिली आणि दाराएवढी उंच, सोनेरी कागद लावलेली पुठ्ठ्याची चावी तिच्या हातात ठेवली. फोटो झाले. मग ड्रायव्हरनं चावी जीपवर बांधली, कारण पुढच्या गावीही कार्यक्रम होता.

"साहेब, आणि खरी चावी?" बिरसोनं विचारलं.

"ती केंद्राची, मावशी. कार्यालयात राहील."

"मग मला दुसरं घर तरी?"

"आता कसं मिळेल?" सहायसाहेबांना खरोखर वाईट वाटलं. "तुम्हाला चावी दिल्याचा फोटो आहे."

सहायसाहेबांची पुढे राजधानीत बढती झाली. ओझा गुरुजी हल्ली मोठमोठ्या परिषदांत 'शून्य-मजुरी लोकसहभाग' या स्वतः शोधलेल्या पद्धतीवर बोलतात. तिच्यात हंडियाच्या जागी चहा आहे. जोगना परत एर्नाकुलमला गेला. तिथे तो मुकादम झाला, आणि त्याच्या हाताखाली कोयनारटोलीचे सगळे प्रमाणित गवंडी काम करतात. अभियान निधीअभावी बंद पडलं. केंद्राला कुलूप आहे, भिंतीला तडा नाही. बिरसो गोठ्यात राहते. सोहराईला तेवढा गोठा रिकामा करून केंद्राच्या पायरीवर येऊन बसते.

तिचा तो चावीचा फोटो मात्र गाजला. अभियानानं काढलेल्या कॅलेंडरात मार्च महिन्यावर तोच होता. हसरी बाई, सोनेरी चावी, मागे पक्की भिंत. फोटो काढणारा तिला म्हणाला होता, "मावशी, हसा थोडं. समजा, हे घर तुमचंच आहे." त्या बोलण्यावर ती हसली होती.

ते कॅलेंडर तुमच्याही स्वयंपाकघरात होतं. "कसं समाधान आहे बघा हो चेहऱ्यावर," असं तुम्ही म्हणालात, आणि मग तिच्या पायाखालच्या चौकटींत महिनाभर दुधाचे खाडे मांडलेत.