फाटककाकांचं खातं

आमच्या गल्लीत फ्रान्सचं मंत्रिमंडळ बदललं की पेढे मिळतात. गल्ली नॉटिंगहॅममधली, पेढे मिल्क पावडरचे आणि वाटणारे शेजारचे फाटककाका. इथल्या हॉस्पिटलात जन्मभर लोकांना भूल देऊन रिटायर झालेले. फ्रेंचमधलं त्यांना ओ की ठो कळत नाही. पण तिथल्या एक मंत्रीणबाई म्हणजे ‘आमची एलोडी’ आणि त्यांचं खातं म्हणजे ‘आमचं खातं’. विद्यार्थिनी असताना ही एलोडी वर्षभर काका-काकूंच्या घरी राहून इथल्या युनिव्हर्सिटीत शिकली होती, एवढाच काय तो संबंध.

ती आधी युवक खात्याची राज्यमंत्री झाली आणि काकांनी मराठी मंडळातल्या पोरांना सळो की पळो करून सोडलं. गणपतीत कुणी फोनमध्ये डोकं घालून बसला की काका हजर. ‘आमच्या खात्याला हे चालणार नाही.’ पुढे तिला बढती मिळाली, कुटुंब खातं आलं. काकांनी मंडळातल्या टेबल टेनिसच्या कपाटाची किल्ली त्याच दिवशी सेक्रेटरीच्या हातात ठेवली.

“यूथ आता आपल्याकडे नाही,” म्हणाले आणि आमच्या संसारात लक्ष घालू लागले.

माझा नवरा समीर सकाळी कचऱ्याचा बिन बाहेर ठेवायला गेला, तर काका गेटपाशीच. आमची मुलगी तेव्हा महिन्याची होती. बापाने पूर्ण रजा घेतली की नाही, याची त्यांनी चौकशी केली आणि वर बजावलं, की बापांच्या बाबतीत आमचं खातं फार स्ट्रिक्ट आहे. समीरने घाबरून उरलेली रजा टाकली. तेव्हापासून काका मला फार आवडतात.

काकू गेल्या तेव्हा एलोडीला येता आलं नाही. बजेट चालू होतं. काकांनीच सगळ्यांना तिची बाजू समजावून सांगितली, खातं असं वाऱ्यावर सोडून कसं चालेल म्हणून.

यंदा तिकडचं सरकार पडलं. नव्या यादीत एलोडीचं नाव नव्हतं. पेढे आले नाहीत, काकाही दिसले नाहीत. शेवटी मीच आमटीचा डबा घेऊन गेले. म्हटलं, सुतक धरून बसले असतील. तर हे वरच्या खोलीत हूव्हर फिरवून गालिचा साफ करत होते.

“बरं झालं मंत्रिपद गेलं. पोरीला माहेरी यायला सवड तरी मिळाली. शनिवारी येतेय.”

मग हूव्हर बंद करून पलंगाच्या कडेला टेकले. एलोडी शिक्षण संपवून निघाली, तेव्हा काकूंनी तिची ओटी भरली होती. माहेरवाशीण या घरातून रिकामी जायची नाही, हा काकूंचा नियम. काकांनी तांदूळ आणले होते, नारळ आणले होते. पण ओटी भरायला घरात बाईमाणूस कुठून आणणार?

“तू भरशील?” त्यांनी विचारलं. “कालपासून विचारीन म्हणतोय, धीर होत नव्हता.”

मी येईन म्हटलं. पलंगावर काकूंच्या कपाटातले दोन खण काढून ठेवले होते. दुसरा कुणासाठी, मी विचारलं.

“तुझा. तुझं माहेर तरी कुठे जवळ आहे?” काका म्हणाले. “तुझी ओटी एलोडी भरेल. तिला येतं. हिने शिकवलंय.”