मास्तरांच्या पंधरा उठाबशा

"चार फूट! एक इंच कमी नाही!"

माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात आपण उंच उडीचं प्रात्यक्षिक देणार, असं निवृत्त क्रीडामास्तरांनी फोनवर ठोकून दिलं, तेव्हा त्यांचं वय होतं सदुसष्ट आणि डावा गुडघा त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठा.

"अहो, जिना उतरताना भिंत धरता तुम्ही!" मास्तरीणबाई म्हणाल्या.

"धरत नाही. तिला आधार देतो!"

मेळाव्याला पंधरा दिवस होते. पलंगावरच्या गादीवर सराव सुरू झाला. चौथ्या दिवशी गुडघ्याच्या वाटीखाली अशी कळ उठली, की खालच्या मजल्यावरचे वकील "कोण गेलं?" विचारत वर आले!

डॉक्टर कशाला? गुडघ्यातलं मास्तरांना सगळं कळत होतं. आधी तेल, मग शेक, मग बर्फ, मग शेक आणि बर्फ एकदम. शेवटी एवढी पट्टी गुंडाळली की पँट चढेना. म्हणून पूर्ण विश्रांती! पाय स्टुलावर, जुनी शिट्टी तोंडात. एक शिट्टी म्हणजे चहा, दोन म्हणजे पेपर. आठव्या दिवशी तिसरी शिट्टी वाजली (तिचा अर्थ अजून ठरलाच नव्हता), तेव्हा मास्तरीणबाईंनी ती जप्त करून पर्समध्ये टाकली आणि नवऱ्याला रिक्षात.

फिजिओथेरपीच्या डॉक्टर चाळिशीतल्या, शांत. त्यांनी वाटीच्या बरोबर खाली बोट टेकवलं.

"आई गं!" मास्तर ताडकन उडाले.

"ही झाली की चार फूट," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"वाटीला नडगीशी बांधणारी ही दोरी, टेंडन," डॉक्टर म्हणाल्या. "उड्यांनी चिडलीय. पण नुसतं बसून राहिलं तर ती आणखी दुबळी होते. तिला हळूहळू वजन पेलायला शिकवायचं. तीन महिने तरी उडी बंद."

"आणि करायचं काय?"

"उठाबशा."

मास्तरांचा चेहरा पडला. तीस वर्षं त्यांनी उठाबशा वाटल्या होत्या. बूट मळले, वीस! हसलास, तीस! का हसला नाहीस, दहा! आणि कोणी मोजताना आकडे गाळले, की गरजायचे, "मधले तीन कुठे गेले?"

"या उतरत्या फळीवर उभे राहा. सावकाश खाली, सावकाश वर. पंधरा."

"एक... दोन... तीन... चार... आठ..."

डॉक्टर कागदावर लिहीत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मास्तर, मधले तीन कुठे गेले?"

मास्तर फळीवर अर्धे वाकलेले तसेच थिजले. "तू... सातवी? शेवटचा बाक?"

"मळलेले बूट. वीस."

"अगं, पण रविवारी दोनशे लोकांसमोर माझं नाक कापलं जाईल!"

"नाही कापलं जाणार. प्रात्यक्षिकच हवंय ना? फळी मी घेऊन येते."

रविवारी मास्तर व्यासपीठावर फळीवर चढले. समोर दोनशे टकली नि पिकली डोकी, आणि सगळी एका सुरात मोजतायत! शाळेत असताना यांनी प्रार्थनासुद्धा एवढ्या एकजुटीनं म्हटली नव्हती. बाराला मास्तरांच्या मांड्या थरथरू लागल्या. चौदा... पंधरा! मास्तरांनी विजयी हात वर केला.

मागच्या रांगेतून एक ढेरपोट्या बँक मॅनेजर उठला. डोळ्यांत पाणी, हसून हसून.

"मास्तर, तेरावी अर्धीच होती!"

मास्तरांनी आशेनं पहिल्या रांगेकडे पाहिलं. तिथं मास्तरीणबाईंनी शांतपणे पर्स उघडली, शिट्टी काढली आणि अशी फुंकली, की दोनशेच्या दोनशे ताठ झाले.

"पुन्हा पहिल्यापासून!"